ऑरिनचं बटण

आमच्या स्कोग्लंड गन क्लबात नेमबाजांच्या रांगेमागे एक उंच लाकडी खुर्ची आहे. तिच्यावर बसणाऱ्याच्या हातात एक वायर असते आणि वायरच्या टोकाला अंगठ्याएवढं बटण. पुढे अर्ध्या जमिनीत पुरलेल्या ठेंगण्या खोलीत तबकड्या फेकणारं यंत्र असतं. रांगेतला माणूस बंदूक खांद्याला लावतो, "सोड!" म्हणून ओरडतो, खुर्चीतला माणूस बटण दाबतो आणि मातीची केशरी तबकडी भिरभिरत बाहेर पडते. ती खाली पडायच्या आत फोडायची, एवढाच खेळ. माझा नवरा ऑरिन फ्येलस्टाड या खुर्चीवर एकेचाळीस वर्षं बसला. घरच्या सोफ्यावर तो एकूण तेवढा बसला असेल असं मला वाटत नाही.

बटण दाबणं कुणालाही जमेल असं बघणाऱ्याला वाटतं. पण "सोड" म्हटल्यावर नेमबाजाने श्वास धरलेला असतो. तबकडी त्याच क्षणी हवी. अर्ध्या सेकंदाचा उशीर झाला की नळी हलते, डोळा भरकटतो आणि बार आभाळात जातो. ऑरिनच्या हाताला उशीर ठाऊक नव्हता. शेजारच्या तीन कौंट्यांतले, म्हणजे तीन जिल्ह्यांतले, लोक मोठी स्पर्धा असली की आधी विचारायचे, "खुर्चीत ऑरिन आहे ना?" तो आहे म्हटलं की मगच नाव नोंदवायचे. मला या गोष्टीचा अभिमान होता, खोटं कशाला बोलू? मी क्लबाचं स्वयंपाकघर सांभाळायचे, आणि माझ्या भट्टीत भाजलेल्या बटाट्याच्या हॉटडिशसाठी तीन कौंट्यांतून कुणी कधी आलं नाही.

ही खुर्ची त्याला १९८१ साली मिळाली. तेव्हा तो गावच्या डेअरीत लोण्याच्या यंत्रांवर होता. आधीचा खुर्चीवाला म्हातारा हॅल्वर थकला होता. त्याने ऑरिनला क्लबाच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून उभं केलं आणि मागे सिमेंटच्या जमिनीवर छर्रे टाकले. किती पडले ते सांगायचं. "चार," ऑरिन म्हणाला, "त्यातला एक घरंगळत टेबलाखाली गेला." खोलीत पंधरा माणसं होती. त्यांनी वाकून बघितलं तर छर्रा टेबलाखाली. त्या दिवसापासून खुर्ची त्याची.

त्या काळी कानात काही घालायची पद्धत नव्हती. फार तर कुणी कापूस कोंबायचं. एक दोघं काडतुसाची रिकामी नळकांडी कानात खोचून फिरायचे, ते तर विनोदच वाटायचे. रविवारी दिवसभर बार काढले की संध्याकाळी कानात शिट्टी वाजायची. तिला आमच्याकडे 'रविवारची शिट्टी' म्हणत. सोमवारी दुपारपर्यंत ती जायची, आणि शिट्टी गेली म्हणजे कान बरा झाला असं सगळे समजायचे. मीही समजायचे. दर रविवारी कानातलं थोडं थोडं कायमचं जातं आणि शिट्टी थांबली तरी ते परत येत नाही, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी आम्ही ऐकलं असतं का, कोण जाणे.

पुढे विमा कंपनीने तंबी दिली तेव्हा क्लबात नियम झाला, कान झाकल्याशिवाय रांगेत यायचं नाही. हा नियम ऑरिनने इतका मनावर घेतला की लोक वैतागले. खुर्चीच्या पायाशी त्याने फोमच्या बोळ्यांची बरणी ठेवली. गावचा मेयर आला तरी त्याचे कान तपासून मगच पुढे सोडायचा. "डोळ्यांना चष्मा, कानांना बोळे, नाहीतर घरी जाऊन विणकाम कर," हे त्याचं ठरलेलं वाक्य. स्वतः मात्र बोडक्या कानांनी बसायचा. मी एकदा विचारलं तर माझ्याकडे असं बघितलं की जणू मी त्याला डोळे बांधून गाडी चालवायला सांगितलं. म्हणाला, "आर्डिस, मला हाक ऐकू यायला हवी. कान झाकून मी करू काय तिथे बसून?" मला ते पटलं. बार चोहीकडे चाललेत आणि हा नीट ऐकू यावं म्हणून कान उघडे ठेवतोय, यात काही वेडेपणा आहे हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

मी स्वतःबद्दलही सांगून टाकते, कारण त्याचा पुढे संबंध आहे. मी एकतीस वर्षं शाळेची बस चालवली. साठ पोरांना आरशातून दटावून दटावून माझा आवाज पुरुषी झाला, आणि उरलेलं काम सिगारेटींनी केलं. फोनवर लोक मला अजून "सर" म्हणतात. त्यामुळे ऑरिनला माझं बोलणं कायम नीट ऐकू येत होतं. जे ऐकू यायचं नाही ते तो मुद्दाम टाळतोय असं मी धरून चालले. नवरा बायकोचं ऐकत नाही याला जगात कुणी आजार म्हणत नाही.

दहाएक वर्षांपूर्वी दर मंगळवारी शाळांच्या संघांच्या फेऱ्या सुरू झाल्या आणि क्लबात मुली आल्या. सभेत त्यावर चर्चा झाली तेव्हा ऑरिन उठून म्हणाला होता, "पोरींना व्हॉलीबॉल आहे ना?" तीस माणसांसमोर म्हणाला. आमच्या गावात माणसाचं बारशाचं नाव विसरतील, सभेत काय बोलला ते विसरत नाहीत. खरं तर मुली आल्यावर तो आठ दिवसांत विरघळला. कुणाच्या बंदुकीचा दस्ता लांब पडतो, कुणाचा खांदा दुखतो, सगळं त्याला माहीत. पण ते कुणी बघितलं नाही. वाक्य तेवढं लक्षात राहिलं.

ऑरिनच्या खुर्चीतल्या शेवटच्या वर्षी वसंतात संघात टेगन हाउगेन नावाची मुलगी होती. सोळा वर्षांची, काटकुळी, आवाज उकळत्या किटलीसारखा बारीक. नेम मात्र असा की जुने लोक हातातली कॉफी खाली ठेवून बघायचे. आदल्या वर्षी पंचवीसपैकी तेवीस, चोवीस सहज. राज्य स्पर्धेत एकेरीला जाणारी आमच्या शाळेची ती पहिली मुलगी ठरणार, असं सगळे धरून चालले होते. आणि एप्रिलपासून तिचे आकडे घसरायला लागले. एकोणीस. अठरा. एकदा सोळा.

मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघायचे. ती "सोड" म्हणायची आणि काहीच व्हायचं नाही. मग तिचा खांदा जरा सैल पडायचा आणि तेवढ्यात तबकडी बाहेर. तिच्या शेजारचा दांडगा पोरगा म्हशीसारखा हंबरायचा, त्याला तबकडी तत्काळ. उशिरा आलेली तबकडी नेमबाजाने नाकारायची असते, बंदूक खाली केली की दुसरी मिळते, नियमच आहे. पण आमच्या लोकांचा स्वभाव असा की हॉटेलात चुकीचं ताट आलं तरी "छान आहे हो" म्हणून खातील. ऑरिनची तबकडी नाकारायची म्हणजे ऑरिनला तोंडावर चुकलास म्हणायचं. ते एकाही मुलीने केलं नाही. मिळेल त्या तबकडीवर बार काढत राहिल्या.

मे महिन्यात एका मंगळवारी टेगनची आई जोडी स्वयंपाकघरात आली. हातात आंबट रुबार्बच्या देठांच्या वड्यांचा डबा. आधी थंडीवर बोलली, मग रस्त्यातल्या खड्ड्यांवर. मी ओळखलं की काहीतरी जड आहे.

"आर्डिस, मी काही म्हणत नाही हं," ती म्हणाली.

"म्हणून टाक."

"नाही, म्हणजे ऑरिन किती वर्षं करतोय. त्याच्याबद्दल आम्हाला आदरच आहे."

"जोडी, आदर राहू दे. वड्या गार होतायत."

ती ओट्याकडे बघत म्हणाली, "तो मुलींना तबकडी उशिरा देतो. मी तीन आठवडे घड्याळ लावून बसले. मुलांना लगेच, मुलींना उशिरा. टेगनला सगळ्यात जास्त. व्हॉलीबॉल खेळा म्हणाला होताच. मी डुएनकडे जाणार नव्हते, पण शेवटचे पाच मंगळवार राहिलेत आणि तिचं राज्याचं जाणं हुकतंय."

डुएन म्हणजे क्लबाचा अध्यक्ष. मला राग आला, पण खरं सांगते, तो जोडीचा नव्हता. मला वाटलं, ती म्हणतेय ते खरं असेल. नवऱ्याच्या पोटात काय आहे ते चव्वेचाळीस वर्षांनी तरी पूर्ण कळतं का?

घरी जाताना गाडीतच मी तोंड उघडलं. "तू त्या पोरींवर कसला सूड उगवतोयस रे?"

"काय?"

"तबकड्या उशिरा सोडतोस, जोडी म्हणते."

"त्या पुटपुटतात!" तो भडकला. "कानात बोळे घातले की पोरांना वाटतं आपण ओरडतोय. ती हाउगेनांची पोरगी... ती तर नुसतं तोंड हलवते. मी तोंडाकडे बघून अंदाजाने बटण दाबतो, माहितीये? इतकं करूनही मलाच बोल."

तोंडाकडे बघून. मी ते ऐकलं, आणि माझ्या डोक्यात ते कुठेतरी अडकून राहिलं.

त्या संध्याकाळी आम्ही मागच्या पायऱ्यांवर कॉफी घेऊन बसलो होतो. घरामागे पाणथळ आहे. बर्फ वितळलं की तिथे नखाएवढे बेडूक हजारोंनी ओरडतात, अगदी बारीक, टिपेचा आवाज. त्या दिवशी तर असा गलका होता की मला माझा कप ठेवल्याचं ऐकू येईना. ऑरिनने पाण्याकडे बघत मान हलवली. "बघ. याही वर्षी एक नाही. शेतातल्या त्या औषधांच्या फवाऱ्यांनी मारून टाकले सगळे."

हे तो चार वर्षं म्हणत होता. मी दर वेळी "हो ना" म्हणायचे. एवढ्या वर्षांच्या संसारात नवऱ्याच्या निम्म्या बोलण्याला आपण न ऐकताच हो म्हणत असतो. त्या दिवशी मात्र मी त्याच्याकडे वळून बघितलं. त्याला खरंच काही ऐकू येत नव्हतं. चेहऱ्यावर मेलेल्या बेडकांचं दुःख होतं.

मी आणखी कॉफी आणायच्या निमित्ताने आत गेले आणि दारात त्याच्या मागे उभी राहिले. जमेल तेवढा आवाज बारीक केला, पोरीसारखा, आणि ओरडले, "सोड!" तो हलला नाही. पुन्हा ओरडले. काही नाही. मग माझ्या नेहमीच्या आवाजात एकदा म्हटलं आणि तो दचकला, आणि पायरीच्या कडेवर त्याचा अंगठा आपोआप दाबला गेला.

मी त्याच्या शेजारी जाऊन बसले. मला रडू येत होतं आणि रागही येत होता, दोन्ही एकदम. "ऑरिन, बेडूक ओरडतायत," मी म्हटलं. "आत्ता. ही एवढी मोठी जत्रा भरलीये."

त्याने कपातली उरलेली कॉफी गवतात ओतली. मग म्हणाला, "कुणाला सांगू नकोस."

"डॉक्टरकडे जाऊ. मशीन लावतात आता."

"कानात मशीन लावून खुर्चीत बसू? लोक काय म्हणतील?"

"आत्ता काय म्हणतात माहितीये? तू पोरींचा दुस्वास करतोस म्हणतात!"

"म्हणू दे." त्याचा आवाज अगदी शांत होता. "खडूस माणसाच्या हातात बटण राहू शकतं, आर्डिस. बहिऱ्याच्या हातात नाही."

मी काय करायला हवं होतं ते मला तेव्हाही कळत होतं. उठून डुएनला फोन करायचा. पण हा माणूस डेअरी बंद पडली तेव्हा दोन वर्षं गप्प बसला होता, आणि त्या दोन वर्षांत दर रविवारी सकाळी त्या खुर्चीपायीच दाढी करत होता. ती काढून घेतली तर उरेल काय, या भीतीने माझी जीभ उचलली नाही. आम्ही ठरवलं की हंगामाचे उरलेले पाच मंगळवार काढायचे, मग तो आपणहून सोडेल, वय झालं म्हणून. मुलींना मी सांगेन, जोरात ओरडा. पाच आठवड्यांत असं काय होणार होतं? टेगनचे आकडे मला आठवत होते. मी ते बाजूला ठेवले. ही माझी चूक आहे, ऑरिनची नाही, आणि ती इथे लिहून ठेवते.

मी मुलींना सांगितलं, त्या जोरात ओरडायला लागल्या. त्याने आवाज आणखी बारीक, टिपेचा झाला, म्हणजे ऑरिनला आणखीच कठीण. पण गंमत अशी की दुसऱ्या मंगळवारी टेगनचे आकडे सुधारले. वीस, मग बावीस. जोडीचा चेहरा खुलला, डुएनकडे जायचं राहिलं. मी मनात म्हटलं, चला, देव पावला. ऑरिनला टोमणा मारला, "बघ, तोंडं बघून बघून तू पोरींची तोंडं पाठ केलीस." तोही हसला. त्या आठवड्यात आम्ही दोघं बऱ्याच दिवसांनी नीट झोपलो.

चौथ्या मंगळवारी मी कचरा टाकायला बाहेर आले होते आणि टेगन पाच नंबरच्या जागेवर उभी होती, माझ्यापासून दहा पावलांवर. पाठमोरी, डावी बाजू माझ्याकडे. तिच्या डाव्या कानात बोळा नव्हता. दोरीला बांधलेला तो केशरी बोळा खांद्यावर लोंबत होता. तिने "सोड" म्हटलं, जरा थांबली, यंत्राचा दांडा खटकन सुटला, आणि मगच तिची नळी हलली. तबकडीचा भुगा झाला.

फेरी संपल्यावर मी तिला बाजूला घेतलं. "बोळा पडला होता का गं?"

ती लाजली. "नाही. काढते मी. फक्त एक."

"ऑरिनने तर रांगेत सोडताना तपासला."

"त्यांनी बघितलं की मग काढते." ती इकडे तिकडे बघून हळू बोलली. "मिस्टर फ्येलस्टाड कधी सोडतील ते सांगता येत नाही ना. बोळा काढला की यंत्राचा खटका ऐकू येतो. खटका झाला की कळतं, आता येणार. तेव्हापासून माझं बरं चाललंय. त्यांना सांगू नका हं, त्यांना वाईट वाटेल."

उजव्या हाताने बंदूक धरणाऱ्याचा डावा कान नळीच्या तोंडाकडे असतो. म्हणजे तिने नेमका तोच उघडा ठेवला होता. "आणि बार होतो तेव्हा?" मी विचारलं.

"दुखतं थोडं. मग शिट्टी वाजते. आधी दुसऱ्या दिवशी शाळा सुटेपर्यंत जायची."

"आणि आता?"

"आता असतेच." ती हसली, जणू फार मोठं काही नाही. "सवय होते."

मी तिचा दंड धरला आणि सरळ खुर्चीकडे घेऊन गेले. दुसऱ्या संघाची फेरी चालू होती, पाच पोरं बंदुका घेऊन उभी. फेरी चालू असताना खुर्चीजवळ कुणी जायचं नसतं. एकेचाळीस वर्षांत मीही गेले नव्हते. ऑरिनने हात वर करून फेरी थांबवली आणि माझ्यावर डोळे वटारले. "काय लावलंयस?"

"सांग त्यांना," मी टेगनला म्हटलं. "मला सांगितलंस ते सगळं."

ती सांगायला लागली. घाबरल्यामुळे तिचा आवाज आणखीच बारीक झाला होता. ऑरिन वाकून तिच्या ओठांकडे बघत होता, पण ती खाली बघून बोलत होती. त्याला एक अक्षर कळत नव्हतं. त्याने माझ्याकडे बघितलं. ती नजर मला ठाऊक होती: इथे नको, सगळ्यांसमोर नको.

रांगेतली पोरं वळून बघत होती. जोडी बाकावरून उठली होती. डुएन क्लबाच्या दारात आला होता. मी मोठा श्वास घेतला आणि तिचं एकेक वाक्य माझ्या आवाजात त्याला सांगितलं. तुझी तबकडी कधी येईल याचा तिला भरवसा नाही. म्हणून ती एक बोळा काढते. डावा. तीन मंगळवारांपासून. कानातली शिट्टी आता थांबत नाही. माझा आवाज बसच्या शेवटच्या बाकापर्यंत जाणारा, तो मैदानाच्या कुंपणापर्यंत गेला असणार. ऑरिनला पोरीचं बोलणं ऐकू येत नाही आणि बायकोला ते परत सांगावं लागतंय, हे तिथल्या प्रत्येकाला कळलं.

त्याने विचारलं, "कुठला कान म्हणालीस?"

"डावा," मी म्हटलं.

ऑरिन खुर्चीवरून उतरला. उतरायला त्याला वेळ लागला. बटण त्याने खुर्चीवर ठेवलं, पोरं तशीच उभी असताना, फेरी अर्धी असताना. मग डुएनकडे बघून म्हणाला, "मला ऐकू येत नाही. बारीक आवाज येत नाहीत. चार वर्षं झाली असतील. पोरींच्या तबकड्या मी चुकवल्या. जोडी, तुझं बरोबर होतं, कारण तेवढं वेगळं होतं." आणि गाडीत जाऊन बसला.

मी त्याला आयुष्यात कशासाठी मान दिला असेल तर त्या पाच वाक्यांसाठी. पण ती टेगनला काय उपयोगाची?

पुढच्या मंगळवारपर्यंत क्लबाने आवाजावर चालणारं यंत्र मागवून बसवलं. प्रत्येकापुढे छोटा माइक, हाक आली की तबकडी आपोआप. टेगनने दोन्ही कानांत बोळे घालून, वर कान झाकणारे डबे लावून चोवीस फोडल्या. राज्याला तिचं नाव गेलं. ऑरिनने ते ऐकलं आणि एवढंच म्हणाला, "कान तपासलेत का तिचे?"

तपासले नव्हते. जोडी म्हणत होती, शिट्टी जाईल हळूहळू. जून अर्धा उलटला तेव्हा कान तपासणारी गाडी आमच्या लुथेरन चर्चच्या आवारात आली, वर्षातून एकदा येते. ऑरिनने स्वतः जोडीला फोन केला, म्हणजे नंबर त्याने लावला आणि बोलले मी. टेगन म्हणाली, "तुम्ही आधी बसणार असाल तर येते."

रविवारी प्रार्थनेनंतर आम्ही चौघं त्या गाडीत चढलो. आत काचेची एक छोटी खोली, तिच्यात खुर्ची. बाहेर तपासणारी तरुण बाई यंत्र घेऊन बसते. खोलीतल्या माणसाने कानाला लावलेल्या यंत्रातून आवाज आला की हात वर करायचा.

ऑरिनची तपासणी लवकर आटोपली. बाईने कागदावर काढलेली रेघ डावीकडे बऱ्यापैकी सरळ होती आणि मग दरडीवरून पडावी तशी खाली गेली होती. ती म्हणाली, "जाड आवाज आहेत, बारीक गेलेत. मुलांचे, बायकांचे, पक्ष्यांचे. श्रवणयंत्राने बोलणं समजायला मदत होईल. गेलेलं परत येणार नाही." त्याने मान हलवली. मग त्याने विचारलं, हाक तर ऐकू यायला हवी, मग कान झाकायचे कसे? बाई म्हणाली, "बोलणं आत येऊ देतात आणि बार अडवतात अशी कानझाकणी मिळतात की. पुष्कळ वर्षं झाली." आमच्या संघातली निम्मी पोरं तीच लावायची. ऑरिन त्यांना खेळणी म्हणायचा. त्याने टोपी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

मग टेगन आत गेली. जोडी मागच्या बाकावर बसली. ऑरिनला उठायला सांगितलं नाही म्हणून तो बाईच्या शेजारीच राहिला आणि मी त्याच्यामागे. तिथून काचेतून टेगन एका बाजूने दिसत होती, हात मांडीवर, शाळेत बसल्यासारखी ताठ. बाईच्या यंत्रावर एक हिरवा दिवा होता. ती आवाज सोडायची तेव्हा दिवा लागायचा. आम्हाला ऐकू काही येत नव्हतं, दिवा तेवढा दिसायचा.

आधी उजवा कान. दिवा लागला, हात वर. दिवा, हात. इतका पटकन की ऑरिन पहिल्यांदा हसला. मला पुटपुटत म्हणाला, "एकही चुकवत नाही पोरगी."

मग डावा. सुरुवात चांगली झाली. दिवा, हात. दिवा, हात. बाईने एक खटका फिरवला, आवाज आणखी बारीक केला असावा. दिवा लागला. टेगनचा हात मांडीवरच राहिला.

बाईने थोडं थांबून पुन्हा बटण दाबलं. दिवा लागला. टेगन समोर बघत होती, कान देऊन, भुवया जरा आक्रसलेल्या. आवाज येऊन गेला हे तिला माहीतच नव्हतं. ऑरिन पुढे सरकला. त्याचा श्वास मला ऐकू येत होता.

तिसऱ्यांदा दिवा लागला आणि ऑरिनचा हात वर गेला. पूर्ण वर, खांद्याच्याही वर, काचेतून दिसेल असा.

बाई वळली. मऊ आवाजात काहीतरी म्हणाली. त्याला ते ऐकू आलं नाही. मी वाकून माझ्या जाड आवाजात त्याला सांगितलं, "ऑरिन, हात खाली घे. तिला दिसेल."

त्याने हात खाली घेतला. दिवा पुन्हा लागला आणि आम्ही सगळे टेगनच्या हाताकडे बघत राहिलो. तो मांडीवरच होता.